चार्जबॅकचा हिशेब: किती गेले, किती परत आले आणि कोणती केस लढायची

प्रश्न असा आहे. सांगलीकडचा एक घरगुती उद्योग दिवाळी फराळ, मसाले आणि लोणची स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. साधारण निम्मा माल देशात जातो, निम्मा अमेरिका-ब्रिटनमधल्या मराठी घरांत. २०२५च्या दिवाळीनंतर चार्जबॅक यायला लागले, म्हणजे ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो आणि त्याने कार्डावर भरलेले पैसे विक्रेत्याकडून परत ओढले जातात. गेटवे (साइटवर ग्राहकाचे पैसे घेऊन विक्रेत्याकडे पोचवणारी कंपनी) कधी पैसे कापतो, कधी विक्रेत्याने पुरावा देऊन केस जिंकली की दोन महिन्यांनी परत टाकतो. मार्चअखेरीला हिशेबाला बसलं की किती गेले, किती आले, आणि या भांडणात घातलेला वेळ वसूल झाला का, यातलं काहीच सांगता येत नाही. नोंद ठेवायची कशी?

आधी पैसे कुठे गडप होतात ते बघू. चार्जबॅकसाठी तुमच्याकडे कोणी वेगळं बिल पाठवत नाही. गेटवे त्या दिवशीच्या सेटलमेंटमधून, म्हणजे तुम्हाला द्यायच्या पैशांतून, रक्कम वजा करतो आणि उरलेली तुमच्या खात्यात टाकतो. बँक स्टेटमेंटवर दिसतो तो निव्वळ आकडा. हिशेब लिहिणारा माणूस तोच आकडा विक्री म्हणून टॅलीत चढवतो. म्हणजे विक्रीही कमी दिसते, गेटवेचं कमिशनही दिसत नाही आणि चार्जबॅक तर कुठेच नाही. दोन महिन्यांनी केस जिंकून पैसे परत आले की त्या दिवशीची विक्री उगाच फुगलेली दिसते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लहान विक्रेत्यांच्या वह्या अशाच असतात, आणि त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही.

म्हणून पहिलं काम टॅलीतलं. गेटवेच्या नावाचं एक खातं उघडा आणि प्रत्येक ऑर्डरची पूर्ण रक्कम त्याच्या नावे टाका. कमिशन वेगळं, त्यावरचा जीएसटी वेगळा, बँकेत आलेली रक्कम वेगळी. मग ‘वादातली रक्कम’ नावाचं दुसरं खातं उघडा. चार्जबॅक कापला गेला की गेटवेच्या खात्यातून ती रक्कम या खात्यात आणा. ती अजून तोटा झालेली नाही, अडकलेली आहे. जिंकलात की परत गेटवेच्या खात्यात, हरलात की ‘चार्जबॅक तोटा’ या खर्चात. काही गेटवे केस आल्याबरोबर पैसे कापतात, काही तेवढी रक्कम नुसती रोखून धरतात, काही निकाल लागल्यावर कापतात. तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघा, कारण नोंदीची तारीख त्यावर ठरते.

या खात्याचा खरा उपयोग असा की महिनाअखेरीला त्यातली शिल्लक आणि तुमच्या यादीतल्या उघड्या केसेसची बेरीज जुळली पाहिजे. जुळली नाही तर एखादी केस कोणाच्या लक्षात आलेली नाही, किंवा जिंकलेले पैसे परत आलेलेच नाहीत. दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा सापडतो.

आता यादी. गूगल शीट पुरेशी आहे, सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. एका केसला एक ओळ, आणि ओळ कधीही पुसायची नाही. ऑर्डर क्रमांक, गेटवेचा पेमेंट आयडी, रक्कम, चलन, कार्ड कुठल्या नेटवर्कचं (व्हिसा की मास्टरकार्ड), रिझन कोड (बँकेने दिलेल्या कारणाचा आकडा) हे सगळं तर हवंच. पण माझा जोर तारखांवर आहे: विक्रीची तारीख, माल पोचल्याची तारीख, केस आल्याची तारीख, उत्तराची शेवटची तारीख, उत्तर खरोखर दिल्याची तारीख, आणि पैसे कापले गेले वा परत आले त्या तारखा. बहुतेक लोक केस आल्याची एकच तारीख लिहितात आणि सगळं विश्लेषण तिथेच बिघडतं. याचं कारण पुढे येईल.

उत्तराच्या मुदतीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. इंटरनेटवर वाचायला मिळतं की व्हिसाची मुदत ३० दिवसांची आणि मास्टरकार्डची ४५ दिवसांची आहे. ती मुदत तुमच्यासाठी नाही, तुमच्या गेटवेमागच्या बँकेसाठी आहे. ती बँक आपला वेळ राखून ठेवते, गेटवे आपला राखतो, आणि तुमच्या वाट्याला अनेकदा आठवडा-दीड आठवडाच उरतो. शीटमध्ये गेटवेने दिलेलीच तारीख लिहा. शिवाय गेटवेचा ईमेल कोणाच्या इनबॉक्समध्ये जातो तेही तपासा. वेबसाइट उभी करून देणाऱ्या मुलाचा पत्ता तीन-तीन वर्षं तसाच राहिलेला मी पाहिलाय.

मग कारण. इथे दोन रकाने हवेत: बँकेने दिलेलं कारण आणि खरं कारण.

बँकेचं कारण म्हणजे रिझन कोड. व्हिसाने २०१८ साली सगळे कोड चार गटांत बसवले. १० म्हणजे फसवणूक, ११ म्हणजे ऑथोरायझेशनमधली गडबड, १२ म्हणजे प्रक्रियेतली चूक, १३ म्हणजे ग्राहकाची तक्रार. तुमच्याकडे येणारे बहुतेक तीन-चारच असतील. १०.४, म्हणजे ‘हा ऑनलाइन व्यवहार मी केलाच नाही’. १३.१, माल मिळाला नाही. १३.३, माल सांगितल्यासारखा नव्हता किंवा खराब होता. १३.६, परतावा कबूल करून दिला नाही. मास्टरकार्डकडे फसवणुकीचा ४८३७ आणि ग्राहकाच्या सगळ्या तक्रारींचा एकच मोठा ४८५३.

पण कोड म्हणजे ग्राहकाने बँकेला फोनवर जे सांगितलं आणि तिथल्या माणसाने ज्या खान्यात बसवलं, ते. घडलेलं वेगळंच असू शकतं, आणि २०२५ची दिवाळी त्याचं चांगलं उदाहरण आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५पासून काढून टाकली. त्याच्या चार दिवस आधी भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. म्हणजे फराळाचा ऐन हंगाम मध्ये सापडला. लोक खासगी कुरियरकडे वळले, पार्सल तिकडे कस्टम्समध्ये अडकलं, कुरियरने ग्राहकाकडे शुल्क मागितलं, ग्राहक म्हणाला, ‘मी पूर्ण पैसे भरलेत, हे कसले?’ आणि पार्सल नाकारलं. दिवाळी होऊन गेल्यावर त्याने बँकेला सांगितलं की माल मिळाला नाही. कोड १३.१. तुमच्या ट्रॅकिंगवर मात्र ‘ग्राहकाने नाकारलं’. चकल्या-चिवडा परत भारतात आणणं परवडत नाही, त्यामुळे माल तिकडेच नष्ट.

ही केस ‘कुरियरने हरवलं’ या खान्यात टाकलीत तर तुम्ही कुरियर बदलाल आणि पुढच्या दिवाळीला तेच होईल. ‘शुल्क आधी सांगितलं नाही’ या खान्यात टाकलीत तर शुल्क धरूनच किंमत लावाल किंवा चेकआउटवर ठळक लिहाल. म्हणून खरं कारण स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सात-आठ ठरलेल्या खान्यांत लिहा: शुल्क नाकारलं, उशीर, फुटलं किंवा खवट निघालं, स्टेटमेंटवरचं नाव ओळखता आलं नाही, घरातल्याच कोणी मागवलं, चोरलेलं कार्ड, दोनदा कापलं, परतावा आमच्याकडून राहिला. शेवटच्या खान्याबद्दल प्रामाणिक राहा.

स्टेटमेंटवरच्या नावाचा मुद्दा घाईत सोडू नका. वेबसाइटचं नाव एक आणि गेटवेकडे नोंदलेलं नाव मालकाच्या आडनावाचं एंटरप्रायझेस, असं असलं की न्यू जर्सीतल्या जावयाला स्टेटमेंट पाहून काही कळत नाही. सासूबाईंनी त्याच्या कार्डावर काय मागवलं ते त्याला माहीत नसतं. तो १०.४ टाकून मोकळा होतो. तिकडच्या ग्राहकाला बँकेकडे जाण्याची सवयही जुनी आहे. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यापासून क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या आकारणीवर वाद घालण्याचा हक्क त्याला आहे, आणि न मिळालेला माल त्यात येतो. आपल्याकडे माणूस आधी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅप करतो, तिकडे आधी बँकेचं अ‍ॅप उघडतो.

आता एका केसला खर्च किती लागतो? इथे दोन उलट्या चुका होतात. काहीजण फक्त कापलेली रक्कम मोजतात. काहीजण कापलेली रक्कम अधिक मालाची किंमत अधिक कुरियर अशी बेरीज करून तोटा दुप्पट दाखवतात. आकडे घेऊन बघू, समजण्यापुरते.

अमेरिकेला गेलेली ८,००० रुपयांची ऑर्डर. फराळ २,६०० रुपयांचा, पॅकिंग २००, कुरियर ३,९००, आणि परदेशी कार्डाचं गेटवे कमिशन ३ टक्क्यांनी २४० रुपये (त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं असं धरून). एकूण ६,९४०. सगळं सुरळीत झालं असतं तर हातात उरले असते १,०६०. चार्जबॅक आला, ८,००० गेले, आणि समजा गेटवेने केसची फी म्हणून ५०० लावली. कमिशन सहसा परत मिळत नाही. तर तुमच्या खिशातून गेले ६,९४० अधिक ५०० म्हणजे ७,४४० रुपये. हा तोटा. आठ हजार ही विक्री होती, ती मुळात राहिलीच नाही, म्हणून ती तोट्यात पुन्हा धरायची नाही. ७,४४० भरून काढायला अशाच सुरळीत गेलेल्या साधारण सात ऑर्डरींचा नफा लागेल.

पुण्यातल्या पुण्यात गेलेल्या ९०० रुपयांच्या मसाल्याच्या ऑर्डरीचं हेच गणित मांडलंत तर चित्र अगदी वेगळं दिसेल. म्हणून ‘सरासरी चार्जबॅक इतक्याला पडतो’ असा एकच आकडा काढू नका. देशातले वेगळे, परदेशातले वेगळे.

यात दोन खर्च लोक विसरतात. पहिला वेळ. ट्रॅकिंग काढणं, ईमेल शोधणं, पीडीएफ बनवणं, गेटवेच्या पोर्टलवर चढवणं, यात एका केसला दीड-दोन तास जातात. ते काम करणाऱ्या माणसाच्या पगारातून तासाचा दर काढा आणि रकान्यात टाका, स्वतः मालक करत असाल तरी. दुसरा विनिमय दराचा फरक. डॉलरमध्ये घेतलेली रक्कम तुम्हाला एका दराने मिळाली, चार महिन्यांनी कापली गेली ती त्या दिवसाच्या दराने. रुपया घसरला असेल तर मिळाले त्यापेक्षा जास्त रुपये जातात. हा फरक तोट्यात मिसळू नका, त्याला वेगळा रकाना द्या.

निकालाकडे येतो. गेटवेच्या डॅशबोर्डवर दोनच शब्द असतात, जिंकली आणि हरली. ते पुरेसे नाहीत. माझ्या शीटमध्ये प्रत्येक केस यांपैकी एका अवस्थेत असते: आली, उत्तर दिलं, मुद्दाम सोडली, मुदत चुकली, निकाल बाजूने पण पैसे यायचे आहेत, पैसे आले, पुन्हा उघडली, हरली. ‘मुद्दाम सोडली’ आणि ‘मुदत चुकली’ वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. पहिला धंद्याचा निर्णय आहे, दुसरा ऑफिसचा गलथानपणा. दोन्ही ‘हरली’त टाकलं की गलथानपणा झाकला जातो.

‘पुन्हा उघडली’ ही अवस्थाही कागदावरची नाही. तुमचं उत्तर मान्य होऊन पैसे परत आले तरी कार्डधारकाची बँक प्री-आर्बिट्रेशनला, म्हणजे वादाच्या पुढच्या फेरीला, जाऊ शकते, आणि त्यापुढे नेटवर्ककडे आर्बिट्रेशनला, म्हणजे लवादाला. तिथली फी शेकडो डॉलरांत असते आणि हरणाऱ्याच्या माथी बसते. आठ हजारांच्या फराळासाठी त्या पायरीवर पाऊल ठेवू नका. परत आलेले पैसे लगेच नफ्यात धरू नका, महिना-दोन महिने थांबा, असं मी सांगतो ते यासाठी.

जिंकण्याचं प्रमाण मोजताना भाजक कुठला? लढलेल्या केसेस घेतल्या तर आकडा छान दिसतो, कारण सोपे वाद निवडून लढलेले असतात. मला लागतो तो आकडा असा: एका हंगामातल्या सगळ्या केसेसमध्ये अडकलेल्या एकूण रुपयांपैकी, फी आणि वेळेचा खर्च वजा जाता, बँकेत परत किती आले. केसेसची संख्या नाही, रुपये. चारशे-पाचशेच्या दहा केसेस जिंकून आठ हजाराच्या दोन हरलात तर डॅशबोर्ड म्हणेल तुम्ही ८३ टक्के जिंकता. तुमची बँक तसं म्हणणार नाही.

मग लढायचं कधी? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये, एवढंच बघायचं. तुमच्या यादीतून प्रत्येक कारणासाठी जिंकण्याचं स्वतःचं प्रमाण काढा, रकमेशी गुणा आणि लढण्याच्या खर्चाशी ताडा. समजा एखाद्या कारणात तुम्ही दहातल्या तीन केसेस जिंकता आणि एका उत्तराला ३०० रुपयांचा वेळ जातो. ७०० रुपयांच्या केसमध्ये अपेक्षा २१० रुपयांची, सोडून द्या. ८,०००च्या केसमध्ये अपेक्षा २,४००ची, लढा. सुरुवातीला पंधरा-वीस केसेस होईपर्यंत तुमचं प्रमाण म्हणजे अंदाजच असेल, तोपर्यंत मोठ्या रकमा सगळ्या लढा आणि नोंद ठेवा.

कारणांनुसार माझा अनुभव सांगतो. १३.१ मध्ये कुरियरच्या डिलिव्हरीचा पक्का पुरावा, पत्ता जुळणारा आणि शक्यतो सहीसकट, असेल तर लढण्यात अर्थ आहे. नुसतं ‘डिलिव्हर्ड’ लिहिलेला स्क्रीनशॉट दुबळा. १३.३ मध्ये, म्हणजे खवट निघालं, फुटलं, यात फार जीव काढू नका. फोटो ग्राहकाकडे असतात, तुमच्याकडे नसतात. १३.६ मध्ये परतावा खरंच दिला असेल तर त्याचा एआरएन क्रमांक (त्या परताव्याचा बँकेकडचा संदर्भ क्रमांक) द्या, केस तिथेच संपते.

१०.४ मध्ये आधी बघायचं की व्यवहार ओटीपीने झाला होता का. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून सक्तीची केली, त्यामुळे देशातल्या कार्डांवर ‘मी केलाच नाही’ ही केस विक्रेत्यावर सहसा टिकत नाही. थ्रीडी सिक्युअर (ओटीपीसारखी हीच खातरजमा) झालं असेल तर जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. अमेरिकेतल्या कार्डांना ती सक्ती नाही, आणि तुमचे १०.४ तिथूनच येत असणार. गेटवेच्या रिपोर्टमध्ये ईसीआय नावाचा रकाना शोधा. व्हिसासाठी ०५ म्हणजे पूर्ण खातरजमा झाली, ०६ म्हणजे प्रयत्न झाला, ०७ म्हणजे झालीच नाही. मास्टरकार्डचे तेच ०२, ०१, ००. हा आकडा शीटमध्ये आणा. महिनाभरात दिसेल की १०.४च्या केसेस कुठल्या आकड्यांशी चिकटून आहेत, आणि मग गेटवेला परदेशी कार्डांसाठी थ्रीडी सिक्युअर चालू करायला सांगायचं की नाही, ते ठरवता येईल. काही खरे ग्राहक त्या पडद्यावर अडखळून जातात, हे धरूनच.

दर दिवाळीला मागवणारे जुने ग्राहक असतील तर आणखी एक वाट आहे. एप्रिल २०२३पासून व्हिसाच्या १०.४ मध्ये असा पुरावा चालतो की याच कार्डावर वादाच्या १२० ते ३६५ दिवस आधी, तुमच्याकडेच, वाद न झालेले दोन व्यवहार झाले होते आणि त्यांचा आयपी पत्ता किंवा डिव्हाइसची ओळख, शिवाय लॉगिन किंवा पत्त्यासारखी आणखी एखादी गोष्ट या व्यवहाराशी जुळते. वर्षातून एकदाच मागवणाऱ्याला हे लागू पडत नाही. गणपतीला आणि संक्रांतीलाही मागवणाऱ्याला पडू शकतं. पण त्यासाठी ऑर्डरीसोबत आयपी पत्ता साठवलेला असावा लागतो. वेबसाइटवाल्याला आजच विचारा.

आता तारखांकडे, ज्यासाठी मी आधी आग्रह धरला. माल न मिळाल्याची तक्रार करायला व्हिसाकडे ग्राहकाला माल अपेक्षित होता त्या दिवसापासून १२० दिवस मिळतात. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या विक्रीचे वाद डिसेंबर-जानेवारीत, कधी फेब्रुवारीत येतात. आणि जानेवारीत तुमची विक्री असते किती? फराळ तर कोणीच मागवत नाही.

गेटवे आणि नेटवर्क चार्जबॅकचं प्रमाण काढतात ते केस आल्याच्या महिन्यावर. मास्टरकार्ड या महिन्यातले चार्जबॅक भागिले मागच्या महिन्यातले व्यवहार असं मोजतं. महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि १.५ टक्के, ही जास्त चार्जबॅक येणाऱ्या विक्रेत्यांच्या त्याच्या देखरेख यादीची पहिली पायरी. व्हिसाने एप्रिल २०२५पासून नवी पद्धत आणली. तीत फसवणुकीचे अहवाल आणि चार्जबॅक एकत्र मोजतात, आणि विक्रेत्यासाठी महिन्याला किमान १,५०० ही संख्या लागते. या आकड्यांना तुमच्यासारखा उद्योग कधी पोचणार नाही. पण गेटवेची स्वतःची जोखीम-टीम असते, तिला नुसती टक्केवारी दिसते आणि तिथे किमान संख्येचं संरक्षण नसतं.

पुन्हा समजण्यापुरते आकडे. ऑक्टोबरमध्ये १,२०० ऑर्डरी, डिसेंबरमध्ये १५०. जानेवारीत सहा केसेस आल्या, सहाही ऑक्टोबरच्या. मास्टरकार्डच्या पद्धतीने सहा भागिले दीडशे, ४ टक्के. गेटवेकडून फोन येतो, सेटलमेंट रोखण्याची भाषा होते, राखीव रक्कम ठेवा म्हणतात. खरं प्रमाण सहा भागिले बाराशे, अर्धा टक्का. तुमच्याकडे विक्रीच्या महिन्यानुसार मांडलेला तक्ता असेल तर तो पाठवून दहा मिनिटांत हे बोलणं संपू शकतं. नसेल तर तुम्ही नुसते ‘आमचा धंदा प्रामाणिक आहे हो’ म्हणत बसाल, आणि ते रोज सगळेच म्हणतात.

तो तक्ता अवघड नाही. उभे विक्रीचे महिने, आडवे ‘विक्रीनंतर पहिला महिना, दुसरा, तिसरा…’, आणि खान्यात केसेस. शेजारी दुसरा तक्ता रुपयांचा. दोन दिवाळ्यांचा डेटा जमला की कुठल्या महिन्यात किती केसेस यायच्या हे बऱ्यापैकी सांगता येतं. मार्चअखेरीला ताळेबंद करताना अजून न आलेल्या चार्जबॅकसाठी तरतूद किती करायची तेही त्यातूनच निघतं. सीएला हा तक्ता दिलात तर तो खूश होईल, त्याला सहसा एवढं कोणी देत नाही.

इथेच एक कडू गोष्ट. केस जिंकलात तरी ती प्रमाणातून वजा होत नाही. चार्जबॅक आला, तो मोजला गेला. जिंकून पैसे वाचतात, टक्केवारी वाचत नाही. टक्केवारी वाचते ती केस दाखल होण्याआधीच परतावा दिला तर. म्हणून शीटच्या शेवटी एक रकाना ठेवा: केस येण्याआधी ग्राहकाने आपल्याला संपर्क केला होता का, आणि आपण किती दिवसांनी उत्तर दिलं. हा रकाना भरायला लागल्यावर पुष्कळ घरांत इनबॉक्स कोण बघतं यावरून भांडण होतं, पण ते भांडण व्हावंच.

आणि केस उघडी असताना परतावा देऊ नका. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतो, ‘काका, पैसे परत करा, मी तक्रार मागे घेतो,’ तुम्ही परतावा करता, तो तक्रार मागे घेत नाही किंवा बँक तिची प्रक्रिया थांबवत नाही, आणि पैसे दोनदा जातात. परत द्यायचेच असतील तर केस मान्य करा, पैसे त्याच वाटेने जातील. आधीच परतावा दिलेला असेल तर एआरएन घेऊन उत्तर द्या.

यूपीआयच्या केसेस मी वेगळ्या पानावर ठेवतो. त्या बहुतेक भांडणं नसतातच. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, तुमच्या साइटवर ऑर्डर ‘फेल’ दिसली, माल गेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे अशा अडकलेल्या व्यवहारात विक्रेत्याला पैसे पोचल्याची खातरजमा झाली नाही तर पाच दिवसांत ते ग्राहकाकडे परतले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमचं काम एवढंच की आरआरएन (यूपीआय व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक घेऊन रोजच्या रोज जुळवणी करायची आणि ऑर्डर नसताना आलेले पैसे वाट न बघता परत करायचे. हे पैसे तोट्यात धरू नका, ते तुमचे नव्हतेच.

जीएसटीबद्दल थोडंच सांगतो, कारण प्रत्येक केस सीएने बघावी अशी आहे. देशातल्या विक्रीत माल परत आला किंवा खराब निघाला म्हणून पैसे गेले तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढून भरलेला कर कमी करता येतो. त्याची नोंद पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत करावी लागते. पण चोरीच्या कार्डावर माल गेला आणि परत आला नाही, तर पुरवठा झालेला आहे आणि बुडीत पैशावर जीएसटीत सवलत नाही. म्हणून ‘खरं कारण’ हा रकाना सीएलाही लागतो. निर्यातीत एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावर) माल गेला असेल तर विक्रीवर कर नसतो, मात्र न आलेलं परकीय चलन शिपिंग बिलाशी (कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदाशी) जुळवताना उघडं पडतं. तुम्ही जमा झालेल्या कराचा परतावा घेतला असेल तर त्याचाही प्रश्न येऊ शकतो. केसची कागदपत्रं शिपिंग बिलासोबतच ठेवा.

पेपलवरून पैसे घेत असाल तर त्याची यादी स्वतंत्र करा. तिथे ग्राहक १८० दिवसांपर्यंत थेट पेपलकडेच वाद उघडू शकतो आणि तो वाद २० दिवसांत दाव्यात बदलला नाही तर आपोआप बंद होतो. त्याशिवाय कार्डाने भरलेल्या पैशांवर बँकेचा चार्जबॅकही येऊ शकतो. एकाच ऑर्डरीच्या दोन ओळी झाल्या तर ऑर्डर क्रमांकावरून त्या पकडा.

सुरुवात जुन्या डेटापासून करायची तर २०२५च्या ऑगस्टपासूनचे सगळे सेटलमेंट रिपोर्ट गेटवेच्या पोर्टलवरून एक्सेलमध्ये उतरवा, पीडीएफमध्ये नको. त्यात ‘अ‍ॅडजस्टमेंट’, ‘डिस्प्यूट’, ‘डेबिट’ असे शब्द गाळून काढलेत की केसेस आपोआप वर येतील. मग प्रत्येकीचा कुरियर पुरावा शोधा. बहुतेक कुरियरच्या ट्रॅकिंगची पानं काही महिन्यांनी दिसेनाशी होतात, त्यामुळे जुन्या पुष्कळ केसेसचा पुरावा मिळणार नाही, त्या रकान्यात तसंच लिहा. यापुढे मात्र परदेशी पार्सल पोचल्याच्या दिवशीच डिलिव्हरीचा कागद उतरवून ऑर्डर क्रमांकाच्या नावाने फोल्डरमध्ये टाकायचा, केस येवो न येवो. हे काम पॅकिंग करणाऱ्या माणसाला द्या, हिशेब लिहिणाऱ्याला नको. एअरवे बिलाचा, म्हणजे कुरियरच्या पावतीचा, नंबर त्याच्याच हातात असतो.